डावा बंद हाय

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज नाव दिलं. दोन मार्चला, रविवारी, सातारा स्टँडवरून गाड्यांचा जो ताफा सांगलीला निघणार आहे त्यातली चौथी गाडी माझी. कोणाला हसायचं असेल त्यानं हसून घ्यावं.

गाडी खरी नाही, कॉम्प्युटरातली आहे. आमचा कपिल शिरवळला कंपनीत लागला आणि बायकोला, आम्रपालीला, घेऊन तिकडंच राहायला गेला. जाताना त्याचा जुना कॉम्प्युटर, गेमचं स्टेअरिंग आणि पायाखालची पेडलं इथंच टाकून गेला. म्हणाला, आई, भंगारवाला आला की देऊन टाक. मी देते कशाला. चोवीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. मागं उभं राहून घंटीची दोरी ओढली. त्या दोरीच्या पुढच्या टोकाला बसून कसं वाटतं ते मला बघायचं होतं. गेल्या जूनमध्ये रिटायर झाले आणि जुलैत बसचा गेम लावला. पहिल्या दिवशी स्टँडाच्या भिंतीतच घातली. आता कराडच्या गर्दीतून एका दमात जाते.

हा सातारा-सांगली रस्ता तासगावच्या सद्दामनं बनवलाय. बेदाण्याच्या दुकानात कामाला असतो आणि उरलेल्या वेळात रस्ते बनवतो. त्यामुळं आमच्या ताफ्याला उगाच वाकडी वाट करून तासगावातून जावं लागतं. त्याचं गाव आहे, तो नेणारच. आपापल्या घरी बसून आम्ही नऊ जण एका वेळी गाड्या चालवायच्या. नऊ जणांत बाई मी एकटी आणि पन्नाशीच्या पुढची पण मीच. नियम दोन. दोनदा ठोकली की बाहेर. आणि माइकवाला हेडफोन पाहिजेच, कारण सद्दाम सूचना बोलून देतो आणि स्पीकर लावला की सगळ्यांना आपलाच आवाज परत ऐकू येतो.

माझ्याकडं हेडफोन नाही. उद्या-परवा बघते. पंधराशेच्या वर जाणार नाही, पेन्शन काय झाडाला लागत नाही.

घरात आणखी एक माणूस आहे. राजाराम, एसटीचे ड्रायव्हर, माझ्या आधी वर्षभर रिटायर. नवरा आहे माझा, पण इथं मी ड्रायव्हरच लिहिणार. पंधरा वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं की ड्रायव्हरच्या जागेला अर्ज करते, तर साहेब हसले. त्यांचं मला काही नाही. पण हेपण हसले. "अंजे, गाडी वडायला मनगट लागतंय." ते हसणं मी विसरलेली नाही.

आता ते माझ्या उजव्या हाताला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात. आज नाव दिल्याचं सांगितलं. ढिम्म. चहा टाकू का विचारलं, त्यालाही उत्तर नाही. फुगून बसलेत. फुगा म्हणावं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

राजवाड्याजवळच्या गल्लीत अजहरचं दुकान आहे, मोबाइल आणि कॉम्प्युटरच्या सामानाचं. पूर्वी माझ्या गाडीनं कॉलेजला यायचा. पास विसरायचा आणि मी दरडावायचे. त्यानं काल एक हलका हेडफोन दिला. कानावर टेकणारा, काळा, छोट्या गोल गाद्यांचा. "काकू, सुरुवातीला हाच घ्या, सगळी पोरं हाच नेतात."

पोरांना कुड्या असतात का कानात? अर्ध्या तासात डाव्या कानाची पाळी लालभडक. कुडीवर गादी टेकते आणि मागचं मळसूत्र मानेत रुततं. वर चष्म्याची काडी कानशिलावर दाबली जाते ते वेगळंच. उजवा कान सोसतो, डाव्याचं भोक आधीपासून दुखरं आहे. मग मी डावा कप सरकवून कानाच्या मागं केला. तसंही मला दोन्ही कान झाकून बसवत नाही. चोवीस वर्षं एक कान मागच्या प्रवाशांना दिलेला असायचा. कोण म्हणतंय थांबवा, कोणाचं पोरगं रडतंय. दोन्ही कान बंद म्हणजे गाडी वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटतं.

आज सकाळी ड्रायव्हरना म्हटलं, बघा जरा आवाज कसा आहे. ह्या माणसाचं एक मानावं लागतं. बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून सांगायचे की कुठला बेल्ट सैल झालाय. डेपोतले मेकॅनिक ह्यांना बोलवायला यायचे. त्यांनी हेडफोन घातला, मान वाकडी करून ऐकला आणि काढून टेबलावर ठेवला.

"डावा बंद हाय."

येवढंच. तीन दिवसांत बोललेलं पहिलं वाक्य.

तशीच दुकानात गेले. अजहर म्हणाला, काकू, मी लावून दाखवतो. म्हटलं, तू काय दाखवणार, आमच्या ड्रायव्हरनी ऐकलंय. गिऱ्हाईकं होती दुकानात. त्याचं तोंड एवढंएवढं झालं. त्यानं निमूटपणे बदलून दिला आणि वरचे पैसे घेतले. आता जो दिलाय तो दांडगा आहे, कपाभोवती लाल दिवे लागतात.

९ फेब्रुवारी, रविवार

कपिल आणि आम्रपाली आली होती. आम्रपालीनं हेडफोन बघितला आणि म्हणाली, "आई, तुम्ही विमान चालवताय का?" चांगली आहे पोरगी. ती हसते ते मला लागत नाही.

कपिल मात्र बसल्या बसल्या सुरू झाला. "आई, हे वय आहे का? शेजारच्या धोंडुबाई काय म्हणतात माहितीय का?" म्हटलं, धोंडुबाई दिवसभर सासू-सुनांच्या मालिका बघते, तिला कोण वय विचारत नाही. मी दोन तास गाडी चालवली की लगेच वय निघालं. मी खेळणार, कपिल. हा विषय परत काढू नकोस.

मग त्यानं बापाकडं मोर्चा वळवला. त्याच्या कंपनीला कामगारांच्या बससाठी अनुभवी ड्रायव्हर पाहिजे. सातारा ते शिरवळ, सकाळी न्यायचं, संध्याकाळी आणायचं. पगार बरा. "पप्पा, तुमचं नाव सांगितलंय. फक्त मेडिकल होईल, डोळे, कान, बीपी, एवढंच." ड्रायव्हर उठले आणि चपला घालून बाहेर गेले. जेवायलासुद्धा उशिरा आले. पोरगं हिरमुसून गेलं.

मला विचाराल तर हा राग माझ्यावरचा आहे. बायको स्टेअरिंगवर बसली म्हणून ह्यांनी स्टेअरिंगच सोडलं. असला हट्ट.

आणि एके काळी हाच माणूस. नोकरीच्या शेवटच्या वर्षी स्वतः साहेबांकडं जाऊन ह्यांनी माझ्या गाडीवर ड्युटी मागून घेतली. सातारा-मेढा. सगळा डेपो चिडवायचा. दर थांब्याला आरशातून माझ्याकडं बघायचे, अगदी टक लावून. सगळ्या संसारात इतकं कधी बघितलं नव्हतं. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. त्या वर्षी मी खाकीला रोज इस्त्री केली.

ते वर्ष कुठं गेलं, देव जाणे. आता मी शेजारी बसून बोलले तरी बघत नाहीत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लाल दिव्यांचा हेडफोन म्हणजे डोक्यावर पाटी घेतल्यासारखा. तासाभरात मान अवघडते. कप मोठे आहेत, कान सगळा आत जातो, कुडी दाबत नाही, ते चांगलं. पण गादी रेक्झिनची, कानाला नुसता घाम. फेब्रुवारीत ही तऱ्हा, एप्रिलात कान शिजतील. आणि पट्टी इतकी आवळते की चष्म्याच्या काड्यांचे वळ उठतात. डावं भोक अजून बरं झालेलं नाही, म्हणून तो कप मागंच सरकवलेला.

ड्रायव्हरनी हाही बघितला. मी सांगितलं पण नव्हतं, टेबलावर होता तो आपणहून उचलला. मला वाटलं, चला, रुसवा गेला. पाच मिनिटं घालून बसले. डावा कप हातानं दाबला, सोडला, परत दाबला.

"ह्याचा बी डावा बंद हाय."

आणि उगाच चिडले. हेडफोन टेबलावर आपटलाच जवळजवळ. फोन वाजला तर तो डाव्या हातात होता, तो आडवा हात करून उजव्या कानाला लावला आणि बोलत बाहेर गेले. हल्ली काय एकेक नवीन.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सराव होता. लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

साताऱ्यापासून पलूसपर्यंत लोण्यासारखी गाडी. सद्दाम म्हणाला सुद्धा, काकू, लय भारी. तासगावात शिरताना डावीकडच्या बोळातून द्राक्षाच्या क्रेटांचा ट्रॅक्टर आला आणि मी सरळ त्याच्यात. सगळे ओरडत होते म्हणे, ट्रॅक्टरचा आवाज लांबून येत होता, डावीकडून. माझ्या डाव्या कानावर कप होताच कुठं.

मागच्या गाडीवाला संयोग म्हणून कोणी आहे सांगलीचा, तो म्हणाला, "आजींना डुलकी लागली वाटतं." मी म्हटलं, "आजी असेल तुझ्या घरी, तिला विचार. मी चार नंबरची गाडी आहे."

नंतर सद्दाम माझ्या एकटीशी बोलला. "काकू, राग मानू नका. ताफ्यात सरावातली ठोकर पण धरली जातीय. तुमची एक झाली. आता एकच ऱ्हायली. ह्या गेममदी डावं-उजवं सगळं कानावर हाय, डोळ्यांनी पुरं पडत न्हाई. दोन्ही बाजू वाजणारा हेडफोन घ्या, आन् दोन्ही कानांवर ठेवा. न्हाईतर मला तुमचं नाव काढावं लागंल. मला बी वाईट वाटंल."

त्याचं बरोबर आहे म्हणून जास्त राग आला. माझ्या हातात खोट नाही, पायात नाही. खोट अजहरच्या मालात आहे. दोन हेडफोन, दोन्हीचे डावे बंद. हे काय चाललंय?

ड्रायव्हर शेजारीच होते. ठोकल्यावर मी कपाळावर हात मारला, तर म्हणाले, "ट्रॅक्टर दिसला न्हाई व्हय?" म्हटलं, "ऐकू आला नाही." त्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला कळेना, हसतायत का काय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

धोंडुबाई जिन्यात भेटली. "अंजनाबाई, टीव्ही जरा बारीक लावा की, भिंत हलती आमची." म्हटलं, टीव्ही मी लावत नाही, आमचे हे लावतात, आणि तुमच्या मालिकेचा आवाज आमच्याकडं येतो तेव्हा मी काही म्हणते का? तिला गप्प केलं. पण टीव्ही मोठा असतो हे खरं आहे. माझ्या गेमवर कुरघोडी, दुसरं काय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आठवडा रागात गेला. आज दांडगा हेडफोन पिशवीत घातला आणि अजहरकडं गेले. ठरवूनच गेले होते की आज त्याला सोडायचं नाही.

दुकानात शिरता शिरताच म्हटलं, "अजहर, तू मला म्हातारी समजून खराब माल गळ्यात मारतोस का? दुसरा हेडफोन, आणि ह्याचा पण डावा बंद."

तो उठला. शांत पोरगा आहे, पण आज त्याचाही पारा चढला होता. "काकू, मागचा तुम्ही बदलून नेलात त्यो मी तपासला. दोन्ही बाजूनं टकाटक वाजत होता. मी गप्प बसलो, कारण तुमी. आज मात्र बदलून देणार न्हाई. आदी तुमी सोता ऐका. दोन्ही कानांनी."

"माझी कुडी दुखते."

"मग दुखणार न्हाई असला देतो, पण ऐका."

त्यानं तिसराच हेडफोन काढला. राखाडी, दिवे नाहीत, काही नाही. हातात घेतला तर आधीच्याच्या निम्मा जड. गाद्या कापडी, आत मऊ स्पंज. कप एवढे मोठे की कान, कुडी, मळसूत्र सगळं आत मोकळं राहतं. वरची पट्टी दोन पदरी, खालचा पदर डोक्यावर अलगद टेकतो. अजहर म्हणाला, "चष्मेवाल्यांना रेक्झिन देऊ नये, काडीवर दाबतं. ही माझी बी चूक झाली, मी आदी विचारायला पायजे हुतं." दोन्ही कान झाकले तरी दुखलं नाही. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

मग त्यानं कॉम्प्युटरवर एक आवाज लावला. बस डावीकडून येते, समोरून जाते आणि उजवीकडं लांब निघून जाते. मी डोळे मिटले. डावीकडून आली. स्पष्ट. एवढी स्पष्ट की मी पाय मागं घेतला.

म्हटलं, हा चांगला आहे. पण तो लाल दिव्यांचा लाव. त्यानं लावला. बस डावीकडून आली. म्हटलं, तो पहिला काळा पण लाव. अजहरनं तो कपाटातून काढला. मी कुडीवर दाबून धरून ऐकला. बस डावीकडून आली.

मी तिन्ही हेडफोन काउंटरवर ठेवले आणि बसून राहिले. अजहरनं पाणी दिलं. माझ्या डोळ्यांपुढं जुनी गाडी आली. तिचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच असायचं, डाव्या अंगाला, बॉनेट मांडीला मांडी लावून बसल्यासारखं. सगळी नोकरी त्या आवाजाच्या शेजारी. आणि घरातली माझी खुर्ची त्यांच्या डाव्या हाताला. चहा टाकू का, त्यांच्या डाव्या हाताला. नाव दिलं, डाव्या हाताला.

अजहरला म्हटलं, "माल चांगला होता. चूक आमची. त्या दिवशी चारचौघांत बोलले, ते मागं घेते." तो म्हणाला, "काकू, तुमी मला पास विसरलो तवा याच्यापेक्षा जास्त बोलला हुता." राखाडी हेडफोन घेतला. अकराशेत बसला, जुना देऊन उरलेले पैसे परत आले.

घरी आले तर ड्रायव्हर खिडकीत. मी त्यांच्या डावीकडं उभी राहिले आणि साध्या आवाजात म्हटलं, "आवं, तुमचं घड्याळ मी विकलं." काही नाही. खिडकीबाहेर बघत होते. उजवीकडं गेले आणि तेच म्हटलं.

"आँ? कशापायी इकलंस?"

"कवापासनं?" मी विचारलं.

"काय कवापासनं?"

"डावा कान."

"कानाला काय झालंय? तुजे हेडफोनच भिकार."

"तिन्ही मी ऐकून आले. तिन्ही वाजतात."

ते उठले, चपलांकडं निघाले. मी दारात आडवी उभी राहिले. आख्खी नोकरी दारात उभं राहून काढली आहे, तिकीट दाखवल्याशिवाय मी कोणाला खाली उतरू दिलेलं नाही. शेवटी खुर्चीत बसले.

"नोकरीच्या शेवटच्या वर्साला. आदी आत शिट्टी वाजायची. मग ती बी थांबली."

"मग घंटी कशी ऐकायचात?"

"न्हवतोच ऐकत. आरशात बघायचो. तुजा हात दोरीला गेला की समजायचो. येकदा वडलीस का दोनदा, ते खांद्यावरनं कळायचं."

मी लिहितेय आणि राग अजून उतरलेला नाही. साठ-साठ माणसं असायची त्या गाडीत, बाया, शाळेची पोरं. मी तेच बोलले, आवाज चढवून बोलले, धोंडुबाईनं खुशाल ऐकावं. "सांगायचं होतं ना. टेबलावर बसवलं असतं, दुसरं काम दिलं असतं."

"ड्रायवर हाय मी. टेबलावर बसून काय करू? म्हणून तर साहेबाकडनं तुजी गाडी मागून घेतली. दुसऱ्या कंडक्टरचा हात मला कळला नसता."

म्हणजे त्यासाठी. मला वाटत होतं, उतारवयात का होईना, ह्या माणसाला बायको दिसली. मी रोज इस्त्री करत होते. तेही बोलून टाकलं, बोलायचं नव्हतं तरी. "आणि मला वाटत होतं, तुम्ही मला बघताय."

ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, "आदी हातच बघायचो. मग हात वर गेला न्हाई तरी बघायचो."

मी उठून भात लावला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस भांडतोय. म्हणजे खरोखरच भांडतोय, उजव्या बाजूनं, उत्तरं मिळतात. बरं वाटतंय.

मी म्हणते, कपिलला सांगा. ते म्हणतात, सांगणार न्हाई, सांगितलं की सगळी दुनिया भैरा म्हणंल. मी म्हणते, मग मेडिकलला जाताय का? ते म्हणतात, न्हाई. मी म्हणते, मग पोरगं समजतंय तुम्हाला माज आलाय. ते म्हणतात, समजू दे. मी म्हणते, मला सगळं गाव म्हातारी म्हणतंय, मी ऐकून घेतलं का? खेळणं सोडलं का?

सोमवारची कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. येतो म्हणालेले नाहीत, येत नाही असंही म्हणालेले नाहीत.

संध्याकाळी राखाडी हेडफोन घालून सराव केला. दोन्ही कान झाकून. ट्रॅक्टर डावीकडून आला, मी आधीच थांबले होते. सद्दाम म्हणाला, "आता कसं." पण दोन्ही कान बंद असले की मला एकटं वाटतं. घरात माणूस बसलाय आणि त्याची चाहूल नाही. आता कळतंय, ह्यांचं अर्धं घर असंच झालं असणार.

१ मार्च, शनिवार

सकाळी बघते तर ड्रायव्हरनी आपली खुर्ची खिडकीपासून उचलून माझ्या डाव्या हाताला आणून ठेवलीय. म्हणजे त्यांचा उजवा कान माझ्याकडं. हातात चमचा आणि स्टीलचा पेला.

"गाडीत कंडक्टर कुटं हाय तुज्या? माणसं चढत्यात, उतरत्यात, तू आपली अंदाजानं काढतीस. आरशात बघत न्हाईस. परवा कराडला येक म्हातारं दारातच हुतं."

कॉम्प्युटरातलं म्हातारं. पण बोलले ते खरं होतं.

मग सराव. पहिल्यांदा घंटी दिली ती एकच. मी गाडी थांबवली. "काय झालं?" "काय न्हाई, चल की." "एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एवढी वर्षं ऐकली ना?" "ऐकणं येगळं, वाजवणं येगळं." मी नुसतं बघितलं त्यांच्याकडं. म्हटलं, त्याला मनगट लागतंय. एवढं हसले की पेला खाली पडला.

आता एक अडचण. दोन्ही कान झाकले तर पेल्याचा आवाज मला ऐकू येत नाही. एवढे हेडफोन बदलले, डाव्यासाठी दुकानात अब्रू घालवली, आणि आता तोच डावा कप मी मागं सरकवणार. बघू सद्दाम काय म्हणतो.

२ मार्च, रविवार

सकाळीच कपिल आणि आम्रपाली आली. ताफा अकराला होता. आम्रपालीनं मला हेडफोनची दोन पदरी पट्टी नीट बसवून दिली. कपिल डाव्या खुर्चीत पेला धरून बसलेल्या बापाकडं बघत राहिला. "पप्पा, हे काय?"

ड्रायव्हर म्हणाले, "कपिल, मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. दोन-तीन वर्सं झाली. तुज्या कंपनीची बस मी चालवणार न्हाई, माणसांचा जीव हाय त्यात. साहेबाला तसंच सांग, कारण सांगून सांग. आन् तोंड पाडू नको. मी काय रिकामा न्हाई, आता कंडक्टर हाय."

कपिल खाली बसला, बापाच्या उजव्या बाजूला. त्याला आपोआप कळलं कुठं बसायचं ते.

ताफा सुरू व्हायच्या आधी सद्दामनं सगळ्यांची तपासणी केली. "चार नंबर, काकू, उजवा वाजतोय का?" "वाजतोय." "डावा?" मी म्हटलं, "वाजतोय, पण कानाच्या मागं आहे." तो कळवळला. "काकू, आपलं काय ठरलं हुतं? येक ठोकर आदीच हाय. दोन्ही कानांवर घ्या."

"नाही घेणार," मी म्हटलं. "हा कान माझ्या कंडक्टरचा आहे. ठोकली तर नाव काढ, मी हूं की चूं करणार नाही. पण गाडी अशीच चालवणार."

मागून तो संयोग म्हणाला, "कंडक्टर कोण?" ड्रायव्हर माइककडं वाकून म्हणाले, "राजाराम. एसटी. तू गाडीतलं अंतर ठेव, लय चिकटतोस."

सातारा स्टँड सुटलं. उंब्रज. कराडला तीन गाड्या एकमेकांत अडकल्या आणि एक बाद झाला. आमच्या गाडीत दारातलं शेवटचं माणूस आत आल्याशिवाय डबल घंटी मिळत नव्हती, मग मागचे किती का हॉर्न वाजवेनात. पलूसला मान आखडली नाही, कान दुखला नाही, घाम नाही. अजहरला सांगायला पाहिजे.

तासगाव आलं. तो बोळ. डावा कप कानाच्या मागं, माझं लक्ष समोर. ड्रायव्हरांचे डोळे पडद्यावरच्या डाव्या आरशावर होते. मला माहीत आहे, कारण मी पण एकदाच बघितलं त्यांच्याकडं. एवढी वर्षं त्यांनी आरशात बघितलं, आज पण तेच. चमचा पेल्यावर एकदा पडला. एकच. मी ब्रेकवर उभी राहिले. ट्रॅक्टर नाकासमोरून गेला, क्रेट मोजता आले असते इतक्या जवळून.

आम्रपालीनं श्वास सोडलेला ऐकू आला. सद्दाम म्हणाला, "चार नंबर, हे कसं काय ऐकलं?" डबल मिळाली, गाडी काढली.

सांगली स्टँडला सहा गाड्या पोचल्या, त्यात आमची. फलाटाला लावली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. हात स्टेअरिंगवरून काढवत नव्हते. सद्दाम सगळ्यांचं अभिनंदन करत होता. संयोग म्हणाला, "काकू, मानलं तुम्हाला." आजी नाही, काकू. कपिल पडद्याकडं बघत होता, म्हणाला, "आई, तू खरंच चालवलीस की गं." खरंच चालवली. मग काय खोटं?

म्हटलं, झालं आता. हेडफोन काढायला हात वर केला.

डाव्या बाजूनं पेल्यावर चमचा वाजला. एकदा आणि परत एकदा. बघितलं तर ड्रायव्हर पुढं बघून बसलेले, अगदी ड्युटीवर बसल्यासारखे.

"आवं, सांगली आली. गाडी इथपर्यंतच आहे."

"परतीची कोण नेणार? साताऱ्याची माणसं खोळंबल्यात."

मी हेडफोन सारखा केला, डावा कप मागं, आणि पहिला गिअर टाकला.